नवा फोन आधी कोणाच्या नेटवर्कवर आणायचा? कंपन्या हे ठरवतात तरी कसं?

अबोली | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

मी एका लहान कंपनीत काम करते. नजर अधू असलेल्यांसाठी आम्ही एक फोन तयार केलाय. मोठी, बोटाला नीट लागणारी बटणं आहेत आणि प्रत्येक गोष्ट तो बोलून सांगतो. आमच्या टेबलावर तरी व्यवस्थित चालतो. आता तो बाजारात कोणासोबत आणायचा हा प्रश्न आहे. दोन ऑपरेटर बोलायला तयार आहेत. एक मोठा. त्याची अट अशी की पहिले बारा महिने फोन फक्त त्याच्याकडेच मिळायला हवा. दुसरा ग्राहकसंख्येत बराच मागे, पण त्यांची माणसं स्वतःहून दोनदा येऊन गेली, फोन हातात घेऊन डोळे मिटून वापरून पाहिला. साहेबांचा कल मोठ्याकडे. मला मात्र धाकधूक वाटते.

माझ्या डोक्यात सारखा पाम प्री हा फोन येतो. उघडी ॲप पत्त्यांसारखी पसरायची, नको ते बोटाने वर भिरकावलं की बंद. ६ जून २००९ ला अमेरिकेत तो फक्त स्प्रिंट या ऑपरेटरकडे आला आणि पुढच्याच वर्षी पाम कंपनी एचपीला १२० कोटी डॉलरला विकली गेली. 'ऑपरेटर चुकला' असं तेव्हापासून ऐकते आहे. खरंच एवढ्याने फोन बुडतो? मोठ्या कंपन्या काय बघून ठरवतात? नेटवर्क किती चांगलं ते, ग्राहक किती ते, की आणखी काही?

खडूफळा | सोमवार, रात्री ९:३०

ग्राहक किती ते. जिथे गर्दी तिथे दुकान थाटायचं. साहेबांचं ऐका.

रेडिओवाला | सोमवार, रात्री १०:०५

खडूफळा, मग पहिला अँड्रॉइड फोन टी-मोबाइलकडे का गेला? ऑक्टोबर २००८, एचटीसीने बनवलेला जी-वन. टी-मोबाइल तेव्हा अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर. त्यांचं थ्रीजी नुकतं कुठे सुरू होत होतं, तेही अशा बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर) की त्यावर चालणारे फोन मोजकेच.

पण हीच तर त्यांची गरज होती. आयफोन एटी अँड टीने धरून ठेवलेला, आपल्याकडे लोकांनी यावं असं एकही यंत्र नाही. गूगलने २००७ मध्ये अँड्रॉइडसाठी जी आघाडी उभी केली तिच्यात टी-मोबाइल पहिल्या दिवसापासून होता. नव्या, अजून कच्च्या सिस्टीमसाठी स्वतःच्या बँडचा रेडिओ बसवून घेणं, दुकानांत जागा देणं, जाहिरात करणं हे सगळं तो मनापासून करणार होता. मोठ्या ऑपरेटरला तुमचा फोन हा विसाव्या क्रमांकाचा. ज्याला गरज आहे त्याला तो पहिला.

जुनीतार | सोमवार, रात्री ११:४०

अबोली, स्वागत. प्रश्न फार चांगला आहे. जरा सविस्तर लिहितो.

'फोन कंपनी ऑपरेटर निवडते' असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ऑपरेटर फोन निवडतो आणि फोन कंपनी होकाराची वाट बघत बसते. ॲपलसारखी कंपनीसुद्धा आधी नकार घेऊन आली होती. ॲपल अमेरिकेतल्या व्हेरायझन या ऑपरेटरकडे गेली होती आणि आम्ही नाही म्हटलं, हे व्हेरायझनच्याच माणसांनी जानेवारी २००७ मध्ये सांगितलं. ॲपलला दरमहाच्या बिलात वाटा हवा होता, फोन कुठल्या दुकानात विकायचा हे ठरवायचं होतं, बिघडला तर ग्राहकाशी कोण बोलणार हेही आपल्या हातात हवं होतं. ज्याचं नेटवर्क चांगलं म्हणून नावाजलेलं, त्याने हे का मान्य करावं?

सिंग्युलरने मान्य केलं. हीच पुढे एटी अँड टी झाली. दोघांची ओळख आधीची. सप्टेंबर २००५ मध्ये मोटोरोलाचा रॉकर आला, ॲपलच्या आयट्यून्सची गाणी वाजवणारा, तो सिंग्युलरकडेच होता. गाणी फक्त शंभर मावायची आणि फोन काही चालला नाही, पण एकत्र बसण्याची सवय झाली. मग २९ जून २००७ ला आयफोन आला तो ऑपरेटरचं नाव अंगावर न लिहिता. घरी बसून संगणकावरून चालू करायचा. व्हॉइसमेलचे निरोप यादीत दिसावेत म्हणून सिंग्युलरने स्वतःच्या नेटवर्कमध्ये बदल केले. मी तरी इथेच थांबून विचार करतो. एका फोनसाठी ऑपरेटर नेटवर्कला हात घालतो म्हणजे त्याला तो फोन किती हवा असेल!

तेव्हा अबोली, दोघांना एक साधा प्रश्न विचारा: आमच्या फोनसाठी तुम्ही तुमच्या बाजूचं काय बदलाल?

तरंगलांबी | मंगळवार, सकाळी ७:५०

जुनीतारांच्या माहितीत एक राहिलं. व्हेरायझन सीडीएमएवर होतं, सिंग्युलर जीएसएमवर, म्हणजे फोन आणि टॉवर एकमेकांशी बोलण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. जीएसएमचा एकच फोन बनवला की तो युरोपातही विकता येतो. नोव्हेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये ओटू, जर्मनीत टी-मोबाइल, फ्रान्समध्ये ऑरेंज, सगळीकडे तोच फोन गेला. व्हेरायझन निवडलं असतं तर पहिल्याच वर्षी दोन वेगळे फोन बनवावे लागले असते. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझनला आयफोन ४ मिळाला तो खास वेगळा होता, त्यात सिमची खाच नव्हती आणि बोलत असताना इंटरनेट बंद पडायचं.

म्हणून माझ्या मते पहिली चाळणी रेडिओची. पैशांच्या गोष्टी नंतर.

जुनीतार | मंगळवार, सकाळी ८:२०

मान्य, पण रेडिओ हेच कारण असतं तर ॲपल आधी व्हेरायझनच्या दारात गेलीच नसती. दोन्ही कारणं खरी आहेत, क्रमाबद्दल आपलं जमणार नाही.

चाळणीचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र तुमच्या बाजूचं आहे. चायना मोबाइल, ७० कोटींहून जास्त ग्राहक, आणि आयफोन तिथे पोचला थेट जानेवारी २०१४ मध्ये. त्यांचं थ्रीजी टीडी-एससीडीएमए या देशी पद्धतीचं होतं. चायना युनिकॉमकडे जगभरचं थ्रीजी होतं म्हणून त्यांना २००९ मध्येच मिळाला, तोही सुरुवातीला वायफाय काढून. खडूफळा, गर्दी होती, दुकान थाटायला सहा वर्षं गेली.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ८:३१

हे मला माहीत नव्हतं. वाचतोय.

सिग्नलशोधक | मंगळवार, दुपारी १:१५

मी अकरा वर्षं फोनच्या टेस्टिंगमध्ये काढली. इथे ज्याबद्दल कोणी बोललं नाही ते लिहितो, कारण लहान कंपन्या इथेच झोपतात.

ऑपरेटरने हो म्हटलं म्हणजे फोन दुकानात आला असं नाही. आधी सरकारी मान्यता. मग जीसीएफ किंवा उत्तर अमेरिकेत पीटीसीआरबी, म्हणजे फोन नियमाप्रमाणे नेटवर्कशी बोलतो याचा दाखला. त्यानंतर प्रत्येक ऑपरेटरची स्वतःची यादी. ती बाहेर कोणाला दाखवत नाहीत आणि मोठ्या ऑपरेटरची यादी खरोखर जाडजूड असते. टॉवर बदलताना कॉल टिकतो का, सिग्नल कमी असताना बॅटरी किती खातो, एलटीईवरून (म्हणजे फोरजीवरून) बोलताना एलटीई संपलं तर काय होतं, आपत्कालीन क्रमांक सिम नसताना लागतो का. मग गाडीत फोन मांडून शहरभर, गावभर हिंडायचं. काही महिने जातात. एखादी चूक सापडली की सॉफ्टवेअर बदला, आणि बदललं की आधी पास झालेलंही बरंचसं पुन्हा तपासा.

मी ज्या फोनवर काम केलं त्यातल्या एकाचा किस्सा. लॅबमध्ये सगळं हिरवं. गाडीतून फिरलो तर एका विशिष्ट जागी येणारा कॉल लागायचाच नाही. फोन एलटीईवर निवांत बसलेला, कॉल घ्यायला जुन्या नेटवर्कवर उतरायला हवा, तो उतरायचा पण इतका वेळ लावायचा की समोरचा ठेवून द्यायचा. दोष अर्धा आमच्या मॉडेमच्या सेटिंगमध्ये, अर्धा त्या भागातल्या टॉवरच्या. ऑपरेटरच्या माणसांनी आमच्यासोबत रात्री दोनला टॉवरचं सेटिंग बदलून बघितलं म्हणून उलगडा झाला. नंतर दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या ऑपरेटरकडे असाच दोष निघाला तेव्हा आमच्या मेलला तीन आठवडे उत्तर नव्हतं. आमचा फोन त्यांच्या रांगेत खूप मागे होता. लाँचची तारीख गेली, जाहिरातीची जागा गेली.

अबोली, दोघांना विचारा: टेस्टिंगच्या किती फेऱ्या गृहीत आहेत, फेरीचा खर्च कोणाचा, आणि अडलं तर फोन उचलणारा इंजिनिअर कोण. नाव आणि नंबर घ्या.

अजून एक. एलटीईवरचा कॉल तुमच्या फोनवर त्यांच्या नेटवर्कसाठी मंजूर आहे का हे लेखी घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने थ्रीजी बंद केलं तेव्हा ज्या फोनमध्ये एलटीई कॉलची सोय होती पण जे त्यांच्या मंजूर यादीत नव्हते, त्यांच्यावरून बोलणं बंद झालं. दिसत नसलेल्या माणसाच्या हातात न लागणारा फोन ही कल्पनाच मला सहन होत नाही.

केवडा | मंगळवार, दुपारी १:४०

सिग्नलशोधक, प्रतिसाद जपून ठेवला. रात्री दोनला टॉवर बदलणारी माणसं मिळाली की अर्धी लढाई जिंकली!

काउंटरवाली | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मी एका ऑपरेटरच्या दुकानात सहा वर्षं काउंटरवर होते. माझंही ऐका.

ऑपरेटरने दहा हजार फोन घेतले म्हणजे दहा हजार लोकांनी घेतले असं नाही. ते गोदामात गेले. तिथून दुकानात, दुकानात मागच्या फडताळात. फोन कंपनी आनंदात असते, आणि तीन महिन्यांनी कळतं की पुढची ऑर्डरच नाही. आमच्याकडे प्रत्येक फोनवर कमिशन वेगळं असायचं, महिन्याला बदलायचं. ज्यावर जास्त, तो आम्ही आधी दाखवणार. हे वाईट वाटेल, पण पगार त्यावर होता.

अबोलीताई, तुमचा फोन समजावून सांगायला किती वेळ लागतो? वीस मिनिटं? शनिवारी संध्याकाळी मागे रांग असताना मोठ्या ऑपरेटरच्या दुकानात कोणी वीस मिनिटं देणार नाही. शिवाय मांडलेला नमुना फोन. आमच्याकडे अर्धे नमुने चार्जिंग संपून पडलेले असायचे. तुमचा फोन बोलला नाही तर तो नुसती डबी आहे.

करारात मागा: किती दुकानांत चालू नमुना, किती विक्रेत्यांना प्रशिक्षण. आणि परत आलेल्या फोनचा भुर्दंड कोणावर. हा मुद्दा शेवटच्या पानावर लहान अक्षरात असतो.

खडूफळा | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

काउंटरवाली, हे पटलं. पण मोठा ऑपरेटर जाहिरातीत पैसा ओततो त्याचं काय? मोटोरोला ड्रॉइड आठवा. व्हेरायझनने केवढी जाहिरात केली! मोटोरोला तेव्हा गाळात होती, त्या एका फोनने वर आली. तिने व्हेरायझनशी करार नाकारला असता तर?

रेडिओवाला | मंगळवार, रात्री ८:५०

ड्रॉइडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. व्हेरायझन मोठं होतं, पण त्या वेळी गरजवंतही होतं. आयफोनला उत्तर म्हणून नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांनी ब्लॅकबेरी स्टॉर्म आणला. सगळी स्क्रीनच एका बटणासारखी दाबायची, सॉफ्टवेअर चुकांनी भरलेलं, लोक वैतागले. वर्षभर हात रिकामे. म्हणून ६ नोव्हेंबर २००९ ला ड्रॉइड आला तेव्हा त्यांनी जीव तोडून जाहिरात केली. अडलेले दोघं एकत्र आले.

आणि त्या यशातली एक गोष्ट मोटोरोलाला महागात पडली असं मला वाटतं. 'ड्रॉइड' हे नाव व्हेरायझनचं झालं. 'स्टार वॉर्स' चित्रपटवाल्या लुकासफिल्मकडून परवानगी घेऊन वापरलेलं. पुढच्याच वर्षी त्याच नावाखाली एचटीसीचा ड्रॉइड इन्क्रेडिबल आला. लोकांच्या तोंडी ड्रॉइड राहिला. बनवणारा कोण, हे कितींनी लक्षात ठेवलं? अबोली, फोनचं नाव तुमचंच ठेवा.

पाम प्रीचं कोडंही इथेच सुटतं. स्प्रिंटचे ग्राहक गळत होते, त्यांना प्री हवाच होता, त्यांनी वाईट वागवलं नाही. स्प्रिंट निवडणं ही चूक नव्हती असं माझं ठाम मत. चूक झाली ती महिन्यांची. जानेवारी २०१० मध्ये व्हेरायझनचं दार उघडलं आणि प्री प्लस तिथे गेला, तोवर त्या दुकानातली समोरची जागा ड्रॉइडने घेतलेली होती. जे महिने एकाच घरात बंद होते त्यात दुसऱ्या घरातली खुर्ची भरली.

केवडा | मंगळवार, रात्री ९:१५

नावावरून आठवलं, थोडं अवांतर. २०१० चा सॅमसंग गॅलेक्सी एस अमेरिकेत एटी अँड टीकडे कॅप्टिव्हेट, टी-मोबाइलकडे व्हायब्रंट, व्हेरायझनकडे फॅसिनेट, स्प्रिंटकडे एपिक फोरजी. एकाच लेकराची चार बारशी! स्प्रिंटवाल्याला तर सरकता कीबोर्डही होता. २०१२ मध्ये एस थ्री आला तो सगळीकडे एकाच नावाने. दोन वर्षांत सॅमसंगचं वजन किती वाढलं ते एवढ्यावरून कळतं.

तरंगलांबी | मंगळवार, रात्री ९:४०

अवांतरात भर. जपानमध्ये डोकोमो या ऑपरेटरच्या फोनवर आधी डोकोमोचं नाव, बनवणारी कंपनी फक्त मॉडेलच्या अक्षरात. एन म्हणजे एनईसी, एसएच म्हणजे शार्प, पी म्हणजे पॅनासॉनिक. फोनमध्ये काय असावं हे ऑपरेटरच सांगायचा. त्यामुळे जपानी फोन घरी फार पुढारलेले होते, आणि बाहेरच्या जगात जवळजवळ दिसलेच नाहीत. आयफोन तिथे २००८ मध्ये सॉफ्टबँकने आणला, तिघांत लहान तो. डोकोमोला मिळायला सप्टेंबर २०१३ उजाडला.

हे लिहिताना लक्षात आलं की मी रेडिओवाल्यांच्या म्हणण्याला पुरावा देतोय. असू दे.

पाचवाकोपरा | बुधवार, सकाळी १०:२०

एकाच ऑपरेटरशी बांधून घेण्याचे वाईट अनुभव कमी नाहीत. फेसबुकचं होम (फोनचा पडदाच फेसबुकचा करणारं ॲप) घेऊन आलेला एचटीसी फर्स्ट, एप्रिल २०१३, फक्त एटी अँड टीकडे. करारासह ९९ डॉलर ९९ सेंट होता, महिन्याभरात ९९ सेंट झाला. ॲमेझॉनचा फायर फोन, जुलै २०१४, तोही फक्त एटी अँड टीकडे. सप्टेंबरमध्ये तोही ९९ सेंटवर, आणि ॲमेझॉनला सुमारे १७ कोटी डॉलरचा फटका मांडावा लागला. ऑपरेटर मोठा होता, नेटवर्क चांगलं होतं. लोकांना फोनच नको होता. ऑपरेटर चुकीच्या फोनला वाचवत नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त हळहळ मायक्रोसॉफ्टच्या किन या फोनची वाटते. मे २०१० मध्ये व्हेरायझनकडे आला, तरुण मुलांसाठी, ॲप नाहीत, मित्रांशी गप्पा आणि फोटो एवढंच. आणि मासिक डेटा प्लॅन पूर्ण स्मार्टफोनचा! ज्याला एवढं बिल परवडतं तो किन का घेईल? दोन महिने व्हायच्या आत गुंडाळला. फोन तुम्ही बनवता, पण दरमहा खिशातून किती जाणार हे ऑपरेटर ठरवतो. अबोली, तुमचे ग्राहक मुख्यतः बोलणार. त्यांना डेटाचा मोठा प्लॅन गळ्यात मारला तर तुमचा फोन किनच्या वाटेने जाईल. प्लॅन आधी ठरवा.

अबोली | बुधवार, दुपारी ४:०५

इतकी उत्तरं! मी सगळं छापून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. सिग्नलशोधकांचे तीन प्रश्न आज दोघांनाही पाठवले. लहान ऑपरेटरचं उत्तर दोन तासांत आलं, इंजिनिअरचं नाव, नंबर आणि 'उद्या बोलू का?' मोठ्यांकडून 'आपला मेल संबंधित विभागाकडे पाठवला आहे'.

एक विचारू? ऑपरेटर नकोच, थेट विकला तर?

जुनीतार | बुधवार, रात्री १०:३०

गूगलने करून पाहिलं. जानेवारी २०१० मध्ये नेक्सस वन स्वतःच्या वेबसाइटवरून विकायला काढला. पूर्ण किंमत ५२९ डॉलर, टी-मोबाइलच्या करारासोबत १७९. लोकांची सवय करारातल्या स्वस्त फोनची, आणि वस्तू हातात घेऊन बघायला दुकान नाही. व्हेरायझनचा नेक्सस येणार होता, तो आलाच नाही, त्याऐवजी ड्रॉइड इन्क्रेडिबल घ्या असं सांगण्यात आलं. वर्ष सरायच्या आत ते वेबदुकान बंद.

काळ बदलला. वनप्लसने आधी थेट विकून नाव कमावलं आणि मग २०१८ मध्ये सिक्स-टी घेऊन टी-मोबाइलकडे गेले. मागणी पदरात बांधून गेलं की बोलणी वेगळी होतात. गूगलने पिक्सेलच्या वेळी मधला मार्ग काढला: २०१६ पासून अमेरिकेत ऑपरेटर एकच, व्हेरायझन, पण स्वतःच्या दुकानात लॉक नसलेला (कोणत्याही ऑपरेटरचं सिम चालणारा) फोन कायम चालू. २०१९ मध्ये थ्री-ए पासून इतर ऑपरेटरही आले. तुमच्यासाठी हाच नमुना बरा वाटतो.

पाचवाकोपरा | बुधवार, रात्री ११:००

हाच नमुना इसेन्शियल फोनचाही होता. २०१७, ऑपरेटर फक्त स्प्रिंट, आणि लॉक नसलेलाही मिळायचा. दोन महिन्यांत किंमत दोनशे डॉलरने उतरवली आणि २०२० मध्ये कंपनीच बंद. दार उघडं ठेवलं तरी कोणी आत यायला हवं.

सिग्नलशोधक | गुरुवार, सकाळी ९:१०

आणि एकाच घोड्यावर सगळं लावू नका याचं सर्वांत कडू उदाहरण जानेवारी २०१८ चं. हुआवेचा मेट १० प्रो एटी अँड टीकडून येणार, लास व्हेगासच्या प्रदर्शनात घोषणा ठरलेली. आदल्या दिवशी बातमी आली की एटी अँड टी मागे हटली. राजकीय दबाव होता. तुमच्यावर राजकारण येणार नाही, पण साहेब बदलतो, बजेट बदलतं. सही होईपर्यंत गोदाम भरू नका.

मुदतीबद्दलही सांगतो. 'पहिल्या विक्रीपासून बारा महिने' असं लिहून देऊ नका. टेस्टिंग लांबलं की विक्री लांबते आणि तुमची कैदही लांबते. अमुक तारखेला संपेल असं कॅलेंडर बघून लिहा.

तरंगलांबी | गुरुवार, सकाळी ९:४५

आणि तुमच्या देशातला कायदा बघा. फ्रान्समध्ये ऑरेंजची आयफोनवरची मक्तेदारी डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या स्पर्धा मंडळाने थांबवली, तक्रार बुईग टेलिकॉम या दुसऱ्या ऑपरेटरची होती. जर्मनीत व्होडाफोन कोर्टात गेल्यावर टी-मोबाइलला काही दिवस लॉक नसलेला आयफोन ९९९ युरोला विकावा लागला होता, मग निकाल फिरला.

कानोसा | गुरुवार, रात्री ९:२०

मी या धाग्यावर उशिरा आले. मला दिसत नाही, हा सगळा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला. अबोली, तुमच्यासारख्या फोनची मी वाट बघून थकले आहे, म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे टॉवर, जाहिरात, कमिशन यावर बोललात. मला रोज नडतं ते वेगळंच. फोन कितीही बोलका असला तरी ऑपरेटरकडून येणाऱ्या सूचना त्याला वाचता येत नाहीत. शिल्लक किती हे सांगणारी चौकट अचानक उघडते, फोन गप्प. मी बटण दाबते, ते कशाला 'हो' म्हणालं ते कळत नाही. दोनदा मी नको असलेली सेवा अशीच घेतली, पैसे कापले गेल्यावर समजलं. ऑपरेटरने आधीपासून टाकलेलं ॲपही तसंच. त्यातल्या बटणांना नावच नाही, रीडर नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणतो.

जो ऑपरेटर म्हणेल की आमचं एकही ॲप आत घालणार नाही आणि आमच्या सूचना तुमचा फोन वाचू शकेल अशा पाठवू, तो निवडा. त्याचे ग्राहक दहाच असले तरी चालतील.

खडूफळा | गुरुवार, रात्री ९:५०

मी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते मागे घेतो. कानोसाताईंचा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा.

अबोली | पुढचा मंगळवार, रात्री १०:१५

कळवायला आठ दिवस लागले, माफ करा.

कानोसा, तुमचा प्रतिसाद मी दोन्ही बैठकींत वाचून दाखवला. मोठ्या ऑपरेटरचे लोक सभ्यपणे म्हणाले की आमची चार ॲप प्रत्येक फोनमध्ये असतात, एका फोनसाठी अपवाद होत नाही. लहान ऑपरेटरच्या इंजिनिअरने तिथेच आमचा फोन मागितला, डोळे मिटले, शिल्लक विचारली. चौकट उघडली, फोन गप्प. दोन मिनिटं तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मेल: सूचना साध्या मजकुरात पाठवता येतील, आणि सेवा चालू करणारी चौकट या फोनवर येणारच नाही अशी सोय ते त्यांच्या बाजूने करतील. जुनीतार, तुमचा 'त्यांच्या बाजूचं काय बदलाल' हा प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर मिळालं.

साहेबांनी लहान ऑपरेटरला हो म्हटलं. दुकानातली विक्री सहा महिने त्यांच्याकडेच, शेवटची तारीख कॅलेंडरवरची. लॉक नसलेला फोन आम्ही पहिल्या दिवसापासून अंधांच्या संस्थांमधून स्वतः विकणार. नाव आमचंच. डेटा नसलेला बोलण्याचा प्लॅन ठरला. चाळीस दुकानांत चालू नमुना आणि प्रत्येक दुकानात दोघांना प्रशिक्षण. परत आलेल्या फोनच्या खर्चावर अजून ओढाताण चालू आहे, काउंटरवाली, तुम्ही म्हणालात तस्सं शेवटच्या पानावर होतं.

सोमवारी सहा फोन टेस्टिंगला जातात.

सिग्नलशोधक | मंगळवार, रात्री १०:४०

सहा कमी पडतील, दहा पाठवा. गाडीत किमान दोन जातील, एक नक्की पडेल. आपत्कालीन कॉलची तपासणी पहिल्याच फेरीत मागून घ्या, शेवटावर ठेवू देऊ नका.

काउंटरवाली | मंगळवार, रात्री १०:५५

प्रशिक्षण डोळे बांधून द्या. विक्रेते विसरणार नाहीत.

कानोसा | मंगळवार, रात्री ११:३०

अबोली, ऐकताना हात थरथरले. एकच विचारते. पाचच्या बटणावर उंचवटा आहे ना? आणि फोन बंद झाला तर तो बंद झालाय हे मला कसं कळेल?

अबोली | बुधवार, सकाळी ६:५०

पाचवर उंचवटा आहे. बंद होताना तो तीनदा थरथरतो आणि 'बंद होतोय' म्हणतो. पण बॅटरी एकदम संपून बंद पडला तर काहीच कळत नाही, हे तुमचा प्रश्न वाचून आत्ता लक्षात आलं. आज ऑफिसला गेल्यावर पहिलं हेच काम. फोन पाठवायला सोमवारपर्यंत वेळ आहे.